जानवं घातलेला बाण

एकोणसत्तर वर्षांत आपण अंड्याला हात लावलेला नाही, ही गोष्ट रत्नाबाईंनी टेक्सासात उतरल्यावर पहिल्या तासाभरात सगळ्यांना सांगून टाकली. मुलाला सांगितली, सुनेला सांगितली, नातीला सांगितली आणि गाडीतून बॅगा उतरवायला धावलेल्या शेजारच्या उंच गोऱ्यालाही सांगितली. त्याला मराठी येत नव्हतं, पण रत्नाबाईंचा चेहरा बघून त्याने मान हलवली. रत्नाबाईंसमोर मान हलवायला भाषा यावी लागत नसे.

बाई वर्ध्याच्या. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तरांशी भांडून सुटलेली. पण तीन दिरांचं घर त्यांनी नुसत्या आवाजावर चालवलं होतं. आता टेक्सासातल्या अर्विंगच्या घरात माणसं चारच. मुलगा संजीव, सून मंजुषा, आठ वर्षांची स्वानंदी आणि त्या स्वतः. एवढ्याशा घरासाठी त्यांना आवाज चढवावाही लागत नव्हता.

स्वानंदी अंगाने उदबत्तीची काडी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की मुलीला रोज एक अंडं द्या. मंजुषाने ते एकदा जेवताना, पापड मोडता मोडता, हळूच सांगून पाहिलं.

"द्या की," रत्नाबाई म्हणाल्या. "पोर तुमची, डॉक्टर तुमचा. फक्त ज्या दिवशी या घरात अंडं येईल, त्या दिवशी मी बॅग भरेन. शब्द आहे माझा."

संजीवने वरणात बोटं घातली आणि तिथेच ठेवली. विषय संपला.

कुणाला ठाऊक नव्हतं ते हे, की रत्नाबाईंना परत जायचं नव्हतं. मागच्या दिवाळीत यजमान गेले. वर्ध्याच्या घरात आता एक ताट, एक वाटी आणि दिवसभर कुणाशी बोलायचं नाही. इथे निदान नात शाळेतून येऊन मांडीवर दप्तर फेकायची. तिकीट नोव्हेंबरचं होतं आणि ते त्यांना रोज थोडं जवळ आल्यासारखं वाटे. पण शब्द तो शब्द. अंडं आलं असतं तर त्या गेल्याच असत्या. म्हणून मंजुषा दुकानातून आली की रत्नाबाई प्रत्येक पिशवी उघडून आतपर्यंत हात घालत. सुनेला तो जाच वाटे. खरं तर बाई जीव मुठीत धरून बघत असत.

दुसरी सल जुनी होती. सासऱ्यांनी नर्मदेतून बाण आणला होता. नदीच्या पात्रात मिळणारा लांबट, गुळगुळीत गोटा. शंकर म्हणून पुजतात तो. त्याच्या मधोमध पांढरा पट्टा होता, जानवं घातल्यासारखा. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या जाऊबाई, सुवर्णाबाई, तो पदरात घालून निघून गेल्या. त्या दिवसापासून चाळीस वर्षं रत्नाबाई बाण म्हणून सुपारी पुजत होत्या. सुपारीला त्यांनी कधी काही कमी केलं नाही. पण सुपारी ती सुपारीच.

दोन हजार सहाच्या जुलैत संजीवला चार दिवस सुट्टी मिळाली. "आई, बेलीझला जाऊ," तो म्हणाला. "ह्यूस्टनहून विमानाने अडीच तास. जंगलात माया लोकांची जुनी देवळं आहेत. नदीतून बोटीने जायचं."

"देवळं आहेत ना? मग चला."

नदी हिरवट काळी होती आणि वाहत नव्हती. नुसती होती. दोन्ही काठांची झाडं पाण्यावर वाकून काहीतरी हुडकत असल्यासारखी दिसत होती. बोट चालवणारा रूबेन नावाचा म्हातारा होता. डोक्यावर गवताची टोपी, तोंडात चारच दात, पण चारही सोन्याचे. तो बोलायला लागला की इंजिन मंद करायचा. मग इतकं शांत व्हायचं की कमळाच्या पानावरून चालणाऱ्या पक्ष्याची पावलं ऐकू यायची.

"लुक, आजी, क्रॉक," स्वानंदी म्हणाली.

चिखलात मगर पडली होती. तोंड उघडं आणि दात मोजून घ्या म्हणत असल्यासारखी. रत्नाबाईंनी पदर सावरला. "इतकं ताठ कुणी पडतं का? पुतळा असेल."

पुतळ्याने डोळा मिटला आणि उघडला.

देवळाशी उतरले तेव्हा जंगलातून आवाज आला. अख्ख्या गावाची लाकडी कपाटं कुणीतरी एकदम दगडावरून ओढत नेतंय, असा. तो सगळीकडून आला आणि थांबेना. मंजुषाने संजीवचा दंड धरला.

"मंकीज," रूबेन म्हणाला.

"मी वर्ध्याची आहे," रत्नाबाई म्हणाल्या. "मला माकडं शिकवू नको म्हणावं." पण त्यांनी स्वानंदीचा हात आपल्या हातात घेतला तो सोडला नाही.

देऊळ म्हणजे पायऱ्या, पायऱ्या आणि वर आभाळ. आणि एका बाजूला दगडात कोरलेला चेहरा, दोन पुरुष उंच. जाड ओठ, चपटं नाक आणि डोळे कुणाकडेच नाहीत. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपणच मागे कुणीतरी आलंय का म्हणून वळून बघावं. रत्नाबाईंनी चपला काढल्या. मुंग्या चावल्या तरी काढल्या.

"कोण देव हा?"

संजीवने विचारून सांगितलं, "राजा होता म्हणतात. किंवा देव."

"एक काय ते ठरवा म्हणावं."

रूबेनने टोपी काढून छातीशी धरली आणि बराच वेळ काही सांगितलं. संजीव म्हणाला, "इथून काही उचलायचं नाही म्हणतो. खडासुद्धा नाही. ज्याचं असतं तो मागून हाक मारत येतो."

"आम्ही काय चोर आहोत?" रत्नाबाई म्हणाल्या.

हे बोलल्याला अर्धा तास झाला नसेल. बाकीची मंडळी मोठ्या चोचीच्या पक्ष्याचे फोटो काढत होती आणि रत्नाबाई मुंग्या चावलेले पाय धुवायला एकट्याच काठाशी उतरल्या. तिथे कुजक्या पालापाचोळ्याचा गुडघाभर ढीग होता. त्यातून वाफ येत होती. त्यांचा पाय घसरला, हात ढिगात गेला आणि हाताला गुळगुळीत काहीतरी लागलं.

त्यांनी ते बाहेर काढलं. चिखलाने तपकिरी झालेला, लांबट, मुठीत मावेल न मावेल असा. पदराने पुसला. मधोमध पांढरा पट्टा. जानवं.

रत्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं. आणि मिळाला तर सात समुद्रांपलीकडच्या नदीत, देवळाच्या पायथ्याशी. तो कोमट होता. हलकाही होता, पण देव भक्ताला जड होत नसतो, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आणि रूबेन म्हणाला ते उचलण्याविषयी. हा तर त्यांनी उचललाच नव्हता. हा हातात आला होता. बाण कनवटीला गेला.

तेव्हा त्यांना वाटलं, कुणीतरी बघतंय. समोरच्या पाण्यात दोन डोळे वर आले होते. नुसते डोळे.

परतताना ते डोळे बोटीच्या मागे होते. एक वळण, दुसरं वळण, पाचवं वळण. रूबेनने टोपी मागे सारून पाहिलं आणि इंजिनाचा जोर वाढवला. "इतकं लांब कधी येत नाहीत म्हणतो," संजीव म्हणाला. रत्नाबाई पुढे तोंड करून बसल्या होत्या. कनवटीपाशी ऊब लागत होती. त्यांच्या मनात आलं, हाक मारत येतंय का. मग त्यांनीच स्वतःला गप्प केलं.

ह्यूस्टनच्या विमानतळावर लांब कानांचं एक कुत्रं आलं आणि रत्नाबाईंच्या पिशवीसमोर बसलं. उठेना. अधिकाऱ्याने पिशवी रिकामी केली. त्यात देवीच्या प्रसादाची खोबऱ्याची वाटी निघाली, ती त्याने जप्त केली. खालच्या रेशमी फडक्यात हळदकुंकू लावलेलं काहीतरी होतं. त्याने ते दाखवून भुवई उडवली.

"गॉड," रत्नाबाई म्हणाल्या. मुलाच्या मदतीशिवाय उच्चारलेला त्यांचा हा पहिला इंग्रजी शब्द.

अधिकाऱ्याने फडकं दोन्ही हातांनी परत दिलं. कुत्रं मात्र ओढत न्यावं लागलं, आणि जाताना ते मान वळवून वळवून बघत होतं.

घरी त्यांनी सांगितलं की बाण वर्ध्याहूनच आणला होता, डब्यात होता. संजीवने विचारलं नाही. त्या घरात रत्नाबाईंना प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

देवघर म्हणजे स्वयंपाकघराला लागून धान्याची अंधारी खोली. दार लावलं की कपाट. बाई सोवळ्यात पूजा करत, त्यामुळे तिथे कुणाला प्रवेश नव्हता. मंजुषाने लांबूनच फुलांच्या ढिगात काहीतरी गोल पाहिलं आणि हात जोडले. बाकी घरात एसीचा कडाका. देवाला गारठा नको म्हणून रत्नाबाई दार बंद ठेवत आणि पिवळा दिवा दिवसरात्र चालू. बेल मिळेना, म्हणून मागच्या अंगणातल्या झाडाची पानं. रोज पळीभर पाणी. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही आणि विसर्जन करायला अर्विंगमध्ये नदी कुठली? तेव्हा जुनी पानंफुलं बाणाभोवतीच साठत गेली, ओली, कोमट, हळूहळू कुजत. आणि एकदा स्थापना केलेला देव जागचा हलवत नाहीत, म्हणून बाण ठेवला तसाच राहिला. तसूभरही इकडचा तिकडे नाही.

त्यांनी सुवर्णाबाईंना फोन लावला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपणहून.

"मला बाण मिळाला."

"बरं झालं," सुवर्णाबाई म्हणाल्या. "जानवं आहे का?"

"आहे."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. रत्नाबाईंना त्या रात्री फार छान झोप लागली.

आवाज पहिल्यांदा आला तो भर दुपारी. संजीव, मंजुषा कामावर आणि स्वानंदी उन्हाळी शिबिरात. बाहेर एकशेसहा डिग्री. अर्विंगच्या त्या गल्लीत दुपारी माणूस दिसत नाही, कुत्रं दिसत नाही. सारखी घरं, सारखी गवतं आणि सगळ्या खिडक्या मिटलेल्या. गाव उठून गेलंय आणि आपल्यालाच कुणी सांगितलं नाही, असं वाटे. रत्नाबाईंनी घंटी वाजवली. घंटी थांबली आणि देवातून उत्तर आलं.

"उंक्."

त्यांनी घंटीकडे पाहिलं. परत वाजवली.

"उंक्. उंक्."

रत्नाबाई उलट्या पावलांनी बाहेर आल्या, दार लावलं आणि सोफ्यावर दोन्ही पाय वर घेऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत त्या तिथेच होत्या.

"संजीव," त्यांनी जेवताना विचारलं, "तो टोपीवाला नेमकं काय म्हणाला होता रे?"

"कोण रूबेन? ज्याचं असतं तो हाक मारत येतो, असं काहीतरी. का?"

"काही नाही. भात घे."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. मंजुषाने मान वर केली. "ऐकलंत? स्मोक अलार्मची बॅटरी गेली वाटतं."

संजीवने शिडी लावून सातही अलार्मच्या बॅटऱ्या बदलल्या. आवाज थांबला नाही. त्याने एक अलार्म काढून कानाला लावला. मग फ्रिजला कान लावला. मग भिंतीला. इंजिनिअर माणूस, तीन दिवस घराला कान लावत हिंडत होता. रत्नाबाईंची पंचाईत. सांगावं तर चोरी कबूल करावी लागणार आणि न सांगावं तर देव बोलतोय.

स्वानंदीलाच कळलं. ती देवघराच्या दाराशी पालथी पडून ऐकत होती. "आजी, युअर गॉड इज कॉलिंग समबडी."

"कोणाला?"

"आय डोन्ट नो. साउंड्स लाइक ही वॉन्ट्स हिज मॉम."

रत्नाबाई दारापासून मागे सरकल्या. त्यांना ते दोन डोळे आठवले. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी लख्ख उजेडात त्यांनी दार उघडलं आणि हात जोडून म्हणाल्या, "हे बघ, मी तुला मागितलं नव्हतं. तूच हातात आलास. आता श्रावणी सोमवार आहे. चार बायका बोलावते, तुझी नीट पूजा करते. त्यानंतर ओरडायचं नाही. आणि ज्याचा तू आहेस त्याला सांग, मागून येऊ नको म्हणावं."

बाण किंचित हलला.

सोमवारी संध्याकाळी बायका आल्या. वसुधाकाकू, पस्तीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या, डॉक्टरांच्या बायको. सुलभा, नवीन लग्न होऊन पुण्याहून आलेली. आणखी दोघीतिघी. धान्याच्या खोलीत मावेनात, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा दार सताड उघडलं आणि दिव्याचा उजेड बाणावर पडला. वसुधाकाकूंनी चष्मा लावला.

"किती जिवंत वाटतो हो," त्या म्हणाल्या.

"जागृत आहे," रत्नाबाई म्हणाल्या. मान ताठ होती.

आरती सुरू झाली. टाळ्या, झांजा, घंटी. दुसऱ्या कडव्याला आतून साथ आली. "उंक्, उंक्, उंक्," आरतीच्या तालात. सुलभाची टाळी हवेतच राहिली. पुढच्या कडव्याला जानव्यापाशी बारीक चीर गेली. कुणी गायचं थांबलं, कुणाला थांबायचं सुचेना. चीर फाकली. आतून एक टोकदार नाक आलं. मग पिवळा डोळा, उभ्या बाहुलीचा. तो सरळ रत्नाबाईंकडे बघत होता.

"नाग," वसुधाकाकू पुटपुटल्या आणि जमिनीवर साष्टांग आडव्या झाल्या. सुलभा अनवाणी अंगणात पोचली होती. मंजुषाच्या हातातलं निरांजन विझलं.

स्वानंदी सगळ्यांच्या पायांमधून पुढे सरकली आणि वाकून बघू लागली.

"इट्स अ क्रॉक," ती म्हणाली. "बेबी क्रॉक. आजी, इट वॉज ॲन एग."

खोलीत झांजेचा शेवटचा नाद तेवढा उरला. रत्नाबाईंनी त्या शब्दाचा अर्थ विचारला नाही. दुकानातून आलेल्या पिशव्यांमध्ये तो शब्द शोधत त्यांनी तीन महिने काढले होते.

मगरीचं पिल्लू निर्माल्यातून बाहेर आलं, वसुधाकाकूंच्या अंबाड्यावर चढलं आणि तिथे बसून पुन्हा हाक मारू लागलं.

प्राण्यांच्या खात्याची दोन माणसं तासाभरात आली. संजीवने खरं ते सांगितलं, घाम पुसत, कारण रत्नाबाईंनी त्याच्याआधीच खरं सांगायला सुरुवात केली होती, मराठीतून. खात्यातली बाई गुडघ्यांवर बसून देवघर बघत होती. कुजकी पानं चाचपून पाहिली, दिव्याला हात लावला, खोलीचं तापमान लिहून घेतलं. मग तिने संजीवला काही विचारलं.

"काय म्हणते?"

"विचारते, ही अंडी हलवली की मरतात, तुम्ही पाच आठवडे एकदाही कसं हलवलं नाही? आमच्याकडे मशिनं आहेत तरी निम्मी मरतात म्हणते."

"सोवळ्यात होतं म्हणावं," रत्नाबाई म्हणाल्या.

पिल्लू डब्यातून प्राणिसंग्रहालयात गेलं. कवच स्वानंदीने ठेवून घेतलं. रात्रीच्या जेवणाला कुणी बसलं नाही. आणि फोन वाजला.

"कसा आहे तुझा बाण?" सुवर्णाबाई विचारत होत्या.

"तुमचा चाळीस वर्षं नुसता बसलाय," रत्नाबाई म्हणाल्या. "माझा पाच आठवड्यांत उठून चालायला लागला." आणि फोन ठेवला.

मग त्या आपल्या खोलीत गेल्या आणि बॅग पलंगावर ठेवली.

मंजुषा दारात आली तेव्हा तीन लुगडी आत गेली होती. "आई, हे काय?"

"घरात अंडं आलं. मी काय म्हटलं होतं?"

"मी नाही आणलं."

"मी कुठे म्हणते तू आणलंस? ज्याने आणलं त्याने जायचं." त्यांनी चौथं लुगडं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. घडी काही केल्या बसेना.

मंजुषाला त्या क्षणी जिंकता आलं असतं. तीन महिन्यांच्या उघडलेल्या पिशव्या तिच्या बोलण्यात येऊ शकल्या असत्या. ती पलंगावर बसली आणि तिने लुगड्याचं दुसरं टोक धरलं.

"तुमचा शब्द होता की अंडं येईल त्या दिवशी बॅग भराल," ती म्हणाली. "भरलीत. जाण्याविषयी तुम्ही काहीच बोलला नव्हतात."

रत्नाबाईंनी लुगडं खाली ठेवलं. "नव्हते ना?"

"पापड मोडत होते मी. नीट आठवतंय."

रत्नाबाईंनी बॅगेची चेन लावली आणि बॅग भरलेलीच पलंगाखाली सारली. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टरीण किती म्हणाली होती?"

"रोज एक."

"कढई वेगळी. आणि देवघराकडे पाठ करून खायचं."

दुसऱ्या दिवशी मंजुषा बारा अंड्यांचा पुठ्ठ्याचा डबा घेऊन आली आणि ओट्यावर ठेवून थांबली. रत्नाबाई पुढे झाल्या. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी जाणूनबुजून आयुष्यातलं पहिलं अंडं उचललं, दोन बोटांनी, ओझं उचलावं तसं. कानाला लावलं. डोळे मिटून ऐकलं. खाली ठेवलं आणि दुसरं उचललं.

"आजी, व्हॉट आर यू डुइंग?"

"थांब जरा."

बाराव्या अंड्यापर्यंत त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही. मग डबा मंजुषाकडे सरकवला.

"कर काय करायचं ते," त्या म्हणाल्या. "घरी कुणी नाही."